बस कितीला सुटते? आ के ओरा पार्ते?

नमस्कार मंडळी! आज इटालियनमधले तीनच शब्द घेऊन आलेय, आ के ओरा. म्हणजे कितीला. ट्रेन कितीला सुटते, आ के ओरा पार्ते इल त्रेनो. म्युझियम कितीला उघडतं, आ के ओरा आप्रे इल मुझेओ, आणि कितीला बंद होतं, आ के ओरा क्यूदे. सुरुवातीचा तो ‘आ’ विसरायचा नाही, परत सांगते, ‘आ’ विसरायचा नाही. का, ते मला सान जिमिन्यानोत कळलं.

हे इटलीच्या तोस्कानामधलं, म्हणजे टस्कनीतलं, डोंगरावरचं गाव, उंच दगडी मनोऱ्यांचं. गावात रेल्वे नाही, ट्रेन पकडायला बसने खाली पोज्जिबोन्सीला यायचं. मी आणि आई गेलो रविवारी. परतताना वेशीबाहेरच्या स्टॉपवर टाइमटेबल बघितलं तर एका रकान्यावर फेरियाले, दुसऱ्यावर फेस्तीवो. आता फेरिए म्हणजे सुट्टी हे मला पाठ, रविवार म्हणजे सुट्टी, म्हणून मी फेरियालेचा रकाना धरला आणि आईला सांगितलं पाचची बस आहे. सव्वापाच झाले, साडेपाच झाले, बसचा पत्ता नाही, आईचे गुडघे दुखायला लागले, ती बिचारी कठड्यावर टेकली.

तिथे एक आजी कुत्र्याला फिरवत होत्या. मी विचारलं, स्कूझी सिन्योरा, के ओरा आउतोबुस? त्यांनी मनगटावर बघितलं, सोनो ले चिंक्वे ए मेद्झा, साडेपाच वाजलेत. मी परत तेच विचारलं, त्यांनी परत तेच सांगितलं, जरा मोठ्याने. नुसतं ‘के ओरा’ ऐकलं की माणूस घड्याळच बघणार ना! शेवटी मी हातांनी स्टिअरिंग फिरवून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, आआ, आ के ओरा पार्ते! आणि माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, एखाद्या बालवाडीच्या बाईंसारखं, इतक्या मायेनं.

मग बोट ठेवून टाइमटेबल समजावलं. फेरियाले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार, हो, शनिवारसुद्धा. रविवार आणि सणवार म्हणजे फेस्तीवो. लक्षात ठेवा, फेरियाले सुट्टी नाही, फेस्तीवो सुट्टी. पुढची बस आल्ले दिचोत्तो ए त्रेन्ता, म्हणजे 18:30, आणि माझा चेहरा बघून लगेच, आल्ले सेई ए मेद्झा, साडेसहाला. टाइमटेबलवर चोवीस तासांचं घड्याळ, बोलताना बहुतेक वेळा बारा तासांचं.

बस येईपर्यंत त्या आईशेजारी बसून राहिल्या, एक मराठीत बोलतेय, दुसरी इटालियनमध्ये, विषय दोघींचा गुडघेच. आजकाल सगळं मोबाईलवर दिसतं, मान्य, पण वेळ माणसालाच विचारावी असं माझं ठाम मत आहे, मोबाईल काही आईशेजारी येऊन बसत नाही. पोज्जिबोन्सीला उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरच्या एका मुलाला आईनेच विचारलं, आ के ओरा, फिरेन्झे? फिरेन्झे म्हणजे फ्लॉरेन्स. त्याने नीट थांबून सांगितलं.

वेळ थोडाच उरलाय, तर उत्तरं कशी ऐकायची ते पटकन. आठला म्हणजे आल्ले ओत्तो, पण एकला आल्लूना आणि दुपारी बाराला आ मेद्झोजोर्नो. सेत्ते सात, दिचास्सेत्ते सतरा, नीट ऐकू आलं नाही तर परत विचारा. छोट्या गावात दुकानं, चर्चं दुपारी बंद असतात, त्यावरून कुणी नावं ठेवली की मला राग येतो, सकाळपासून उभ्या माणसाने घरी जाऊन जेवू नये का! आणि फिरेन्झेचं उफ्फित्सी म्युझियम सोमवारी बंद असतं, तो दिवस टाळा.

पुढच्या वेळी भाव विचारायला शिकू, क्वांतो कोस्ता. चाओ मंडळी!