मोआ : नाव देण्याआधी नर की मादी ते विचारा

मित्रहो, मोआ म्हणजे न्यूझीलंडमधील नामशेष झालेला, न उडणारा पक्षी. त्याच्याविषयी बोलायचे तर एका मोडक्या हाडापासूनच सुरुवात करावी लागते. १८३९ साली जॉन रूल नावाचे एक शल्यवैद्य न्यूझीलंडहून आलेला हाडाचा तुकडा विकण्यासाठी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये घेऊन आले. तुकडा जेमतेम वीतभर, सुमारे १५ सेंटीमीटरांचा, आणि दोन्ही टोके तुटलेली. तिथले शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना ते प्रथमदर्शनी बैलाचे नळीचे हाड वाटले. या सभागृहात कोणाच्याही हातात ते दिले असते, तरी त्याने हेच सांगितले असते. परंतु ओवेन यांनी ते बाजूला टाकले नाही. एकेका प्राण्याच्या हाडाशी ते ताडून पाहताना आतल्या भिंतीवरील पोळ्यासारखी जाळी त्यांच्या ध्यानात आली, आणि त्या एवढ्याशा पुराव्यावर, शहामृगाएवढा न उडणारा पक्षी न्यूझीलंडमध्ये होऊन गेला, असे त्यांनी जाहीरपणे मांडले. १८४३ साली तिथून पेटीभर हाडे आली आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. या धैर्यापुढे मी आजही नतमस्तक होतो.

एक तक्रार मात्र मला नोंदवलीच पाहिजे. मोआला ‘न्यूझीलंडचे शहामृग’ म्हणणे थांबवावे. शहामृग आपल्याला परके नाही. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे त्याच्या अंड्याचे नक्षी कोरलेले कवच सापडले आहे. शहामृगाला पंख आहेत, तो ते पसरतो, फडफडवतो. मोआच्या सांगाड्यात पंखाचे एकही हाड नाही, आणि असा दुसरा पक्षी मला ठाऊक नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा वर्गीकरणाचा मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो. डायनॉर्निस या मोआच्या प्रजातीची (जातींच्या गटाची) हाडे लहान, मध्यम आणि प्रचंड अशा आकारांत मिळत, म्हणून अभ्यासकांनी आकारागणिक वेगळी जात मानली. २००३ साली हाडांतील प्राचीन डीएनए तपासला गेला. पक्ष्यांमध्ये डब्ल्यू गुणसूत्र फक्त मादीकडे असते, आणि ते पाहताच कोडे सुटले : थोराड हाडे माद्यांची होती, लहान हाडे नरांची. मादी दोनशे किलोंहून जड, तर नर तिच्या निम्म्याहूनही हलका. तीन जातींच्या दोन झाल्या, न्यूझीलंडच्या उत्तर आणि दक्षिण बेटांवर एकेक. आज मोआच्या एकूण नऊ जाती मानतात. त्यांचे सर्वांत जवळचे नातलग शेजारचे किवी नव्हेत, तर मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील टिनामू हे पक्षी आहेत, आणि टिनामू उडतात.

शेवटचे एकच. न्यूझीलंडचे पहिले रहिवासी माओरी लोक तेराव्या शतकाच्या अखेरीस या बेटांवर पोहोचले आणि दीडेकशे वर्षांत सगळे मोआ संपले. त्यांच्या हाडांत झाडासारखी वाढीची वर्तुळे दिसतात, कारण काही जातींना पूर्ण वाढीसाठी दहा वर्षांपर्यंत वेळ लागे. इतक्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला शिकारीने झालेली घट भरून काढता येणे शक्यच नव्हते. अंड्यांची कवचे तर अतिशय पातळ होती, आणि त्यांच्या बाहेरील पृष्ठावर नराचा डीएनए मिळाला आहे. म्हणजे जड मादी नव्हे, तर हलका नर अंडी उबवत असावा.