७४ मिनिटांचा सिनेमा

श्रोतेहो, नमस्कार.

मी सिनेमाची अभ्यासक नाही, समीक्षकही नाही. दिवसाची कामं आवरली की रात्री एखादा जुना सिनेमा लावून बसते. इतकी वर्षं बघत आल्यावर एक मत मात्र पक्कं झालंय, आणि ते आज तुमच्यापुढे ठेवायचंय. टीव्हीसाठी बनवलेल्या सिनेमाला आपण फार सहज कमी लेखतो. ‘टेलिफिल्म आहे ती’ असं म्हणताना आपला जो सूर लागतो ना, तो मला खटकतो.

स्टीव्हन स्पिलबर्ग यांचा ‘ड्युएल’ घ्या. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर तो दाखवला गेला. तेव्हा दिग्दर्शकाचं वय २४ आणि सिनेमाची लांबी ७४ मिनिटं. लाल मोटारीतून कामासाठी निघालेला एक साधा माणूस आणि काही कारण नसताना त्याच्या जिवावर उठलेला एक कळकट टँकर, एवढीच गोष्ट. टँकर चालवणाऱ्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही.

त्यातला एक प्रसंग मी किती वेळा पाहिला असेल! जीव वाचवून तो माणूस रस्त्याकडेच्या एका खाणावळीत शिरतो. तोंडावर पाणी मारून बाहेर येतो आणि खिडकीतून बघतो, तर टँकर बाहेर उभा. म्हणजे चालक इथेच, याच माणसांत बसलाय! आधी पेट्रोल पंपावर त्याला चालकाचे फक्त बूट दिसले होते. त्यामुळे आता तो बसल्या जागेवरून एकेकाचे पाय न्याहाळायला लागतो. आणि बूट तर जवळपास सगळ्यांचे सारखेच. कोणी कोणावर धावून जात नाही, पण आपले हात गार पडतात. या प्रसंगाला पैसा किती लागला असेल? टेबलं, माणसं, बूट आणि एक घाबरलेला चेहरा.

हा सिनेमा पुढे परदेशातल्या चित्रपटगृहांत दाखवायचा ठरला, पण तिथे ७४ मिनिटं अपुरी पडत होती. म्हणून नवे प्रसंग चित्रित करून तो ९० मिनिटांचा केला. त्यात नायक बायकोला फोन करतो, असा एक प्रसंग घातलाय. आदल्या रात्रीचं त्यांचं भांडण त्यातून कळतं. मला हा प्रसंग नकोसा वाटतो. त्याआधी हा माणूस कोणीही असू शकत होता, तुम्ही किंवा मी. फोननंतर तो एका विशिष्ट घरातला, बायकोशी बिनसलेला नवरा होतो, आणि माझी भीती तेवढ्यापुरती सैल पडते. रेल्वे फाटकाचा प्रसंगही नंतरचाच, तो मात्र जमलाय. टँकर मागून मोटारीला ढकलतोय आणि समोरून आगगाडी धडधडत चाललीय. तरीही मला विचाराल तर मी ७४ मिनिटांच्याच बाजूची.

कधीकधी गोष्ट टीव्हीवर जन्म घेते आणि मग मोठ्या पडद्यावर जाते. ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ आधी १९५४ मध्ये टीव्हीवर थेट सादर झालेलं नाटक होतं, लेखक रेजिनाल्ड रोझ. १९५७ मध्ये सिडनी ल्युमेट यांनी त्याचा सिनेमा केला. बारा ज्युरी, म्हणजे खटल्याचा निकाल द्यायला बसवलेली सामान्य माणसं, एक खोली, आणि एका मुलाच्या जगण्यामरण्याचा निकाल. पुढच्या वेळी बघाल तेव्हा छताकडे लक्ष ठेवा. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या डोळ्यांच्या रेषेच्या वर असतो. हळूहळू तो खाली उतरतो, भिंगं बदलत जातात, मागच्या भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात, आणि शेवटाकडे चक्क छत दिसायला लागतं. हे मला माहीत नव्हतं, तेव्हासुद्धा त्या खोलीत जीव घुसमटलाच होता.

आता एक तक्रार, आणि ती मनापासून आहे. जुने सिनेमे आणि टेलिफिल्म बहुतेक जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झालेत, चारास तीन या प्रमाणात. आपले आजचे पडदे रुंद. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या दिसू नयेत म्हणून काही वाहिन्या चित्र मोठं करतात आणि वरून-खालून कापतात. एका वाहिनीवर मी एक जुना कृष्णधवल सिनेमा पाहिला. एक बाई बोलत होती, शांत चेहऱ्याने. मला वाटलं, ही सावरली. काही महिन्यांनी तोच सिनेमा पूर्ण चौकटीत मिळाला, आणि पाहते तर खाली तिचे हात रुमालाला पीळ घालत होते. अख्खा प्रसंग त्या हातांत होता! म्हणून सांगते, काळ्या पट्ट्या दिसल्या तर दिसू द्या. आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी सोय असेल, तर ती जुन्या सिनेमापुरती बंद करा. सेकंदाला २४ चित्रांनी घडलेला सिनेमा त्या सोयीमुळे स्टुडिओतल्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

शेवटी ‘सद्गती’बद्दल. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेला, प्रेमचंदांच्या कथेवरचा हा सिनेमा तासाभराचाही नाही. लेकीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला दुखी नावाचा एक दलित माणूस पंडिताच्या दारी जातो. पंडित त्याला कामं सांगत सुटतो, आणि त्यातलंच एक म्हणजे भलामोठा ओंडका फोडायचं. दुखीच्या भूमिकेत ओम पुरी, त्याची बायको स्मिता पाटील, पंडित मोहन आगाशे. उपाशीपोटी, आजारातून नुकताच उठलेला दुखी घाव घालत राहतो आणि तो ओंडका काही फुटत नाही. बघताना घाव मोजायचं सोडून द्यावं लागतं. तिथेच तो मरून पडतो. प्रेताला हात लावायचा नाही, म्हणून पंडित स्वतः पायाला दोरीचा फास अडकवतो आणि ओढत नेतो. कॅमेरा कुठे घाई करत नाही, कोणी भाषण देत नाही.

मग पंडित परत येतो आणि प्रेत पडलं होतं त्या जागेवर पाणी शिंपडतो. सिनेमा संपल्यावरही कितीतरी वेळ मला टीव्ही बंद करायला उठवलं नव्हतं.

नमस्कार.