चमचाभर इसबगोल, तांब्याभर पाणी

(दृश्य: पहाटेचं पार्क स्टेडियम. फेऱ्या मारणारी माणसं.)

सोलापुरात उन्हाळ्यात चालायला जायचं तर उजाडायच्या आत. आठ वाजले की ऊन अंगावर येतं. या फेऱ्यांमध्ये हल्ली डाएटचा विषय हमखास निघतो. कुणी भात सोडलाय, कुणी रात्रीचं जेवण, तर कुणी पोळी-भाकरी दोन्ही. वजनाचा काटा थोडा खाली येतो आणि आठ-पंधरा दिवसांत दुसरीच तक्रार सुरू होते. ती मात्र आवाज उतरवून सांगितली जाते: पोट साफ होईना झालंय.

मग कुणीतरी सुचवतं, इसबगोल घ्या की.

(दृश्य: बाजारातलं काष्ठौषधींचं दुकान. गिऱ्हाईक आणि दुकानदार.)

"दादा, इसबगोल द्या एक पुडा. डाएट करायलेय ना, पोटाचा त्रास सुरू झालाय."
"भाकरी खाताय का काकू?"
"सोडली की."
"मग हेच होणार. सोलापुरात राहून भाकरी सोडली व्हय!"

दुकानदार हसत हसत पुडा बांधतो. पण बोलला ते खरंच आहे, त्याकडे येऊच.

(दृश्य: तळहातावर इसबगोलाचा भुसा, अगदी जवळून.)

फिकट, किंचित गुलाबी झाक असलेला हा भुसा इतका हलका, की जोरात बोललं तरी उडतो. 'प्लांटॅगो ओव्हाटा' नावाच्या बुटक्या झाडाच्या बियांचं हे वरचं टरफल. वजनात ते बीच्या साधारण पाव हिस्सा भरतं. सोलापूरशी या पिकाचा संबंध नाही. ते गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशात होतं, आणि गुजरातेतल्या उंझ्याचा बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. पीक रब्बीचं आणि भलतंच नाजूक. कापणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला, की तयार बी शेतातच गळून जातं.

(दृश्य: काचेचा पेला, पाणी, चमचा. कॅमेरा हलत नाही.)

आता हा पेला बघा. एक चमचा भुसा पाण्यात टाकला. आधी तो वर तरंगतो, चमच्याला चिकटतो. ढवळलं की पाणी नुसतं गढूळ दिसतं. थोडा वेळ जाऊ द्या. कडेचे बुडबुडे आहेत त्या जागी अडकून बसतात. पेला कलंडला तर पाणी सांडत नाही, सगळा ऐवज एकसंध गोळ्यासारखा सरकतो.

पोटातही हेच घडतं. हा भुसा म्हणजे तंतू, म्हणजेच फायबर. तो आपल्याला पचत नाही, आणि आतड्यातले जिवाणूही त्याला फारसे तोडू शकत नाहीत. त्यामुळे धरलेलं पाणी तो शेवटपर्यंत धरून ठेवतो. कडक शौच त्याने मऊ होते आणि पातळ शौच जरा घट्ट होते. जाता जाता तो पित्तातली आम्लंही थोडी सोबत नेतो. ती भरून काढायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली इसबगोलाच्या पाकिटावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली, ती याच गुणामुळे.

आणि वजन? पोट भरल्यासारखं वाटतं, दोन घास कमी जातात. तेवढंच. चरबी जाळण्याचं काम इसबगोल करत नाही. पाकिटावर बारीक कमरेचं चित्र असलं, तरी नाही.

(दृश्य: गल्लीत नळाला पाणी आलंय. हंडे, पिंपं, नळीची ओढाताण.)

खरी गोम पाण्यात आहे. सोलापूरच्या नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. त्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर. यंत्रमागाच्या शेडमध्ये उभं राहणाऱ्याच्या अंगातलं बरंच पाणी घामावाटेच जातं. अशा माणसाने दोन घोटांवर इसबगोल गिळला, तर तो आतलंच पाणी ओढून घट्ट बसतो, आणि ज्या त्रासासाठी घेतला तोच वाढतो. कोरडा तोंडात टाकला तर घशातच फुगून अडकू शकतो. म्हणून एका चमच्याला निदान मोठा पेलाभर पाणी हवं. ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी पाणी घ्यायचं आणि दिवसभरही पीत राहायचं. रात्री घेऊन तसंच आडवं व्हायचं नाही.

(दृश्य: तव्यावर पापुद्रा धरलेली भाकरी. शेजारी कडक भाकरीची चवड.)

आता दुकानदाराचा मुद्दा. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमच्या आतच. दोन मध्यम भाकऱ्या म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पीठ, म्हणजे बारा-एक ग्रॅम तंतू. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगते. चमचाभर इसबगोलातून मिळणार चार-पाच ग्रॅम. दोन भाकऱ्या सोडून एक चमचा घेतला, तर हिशेब तोट्याचाच. भाकरीत उष्मांक आहेत, नाही कोण म्हणतं? दोनाची एक करा. पण आमच्याकडे भाकरी कापतात आणि शेंगाचटणीवर तेलाची धार तेवढीच धरतात!

तरीही इसबगोलाची जागा आहे. एकादशीला दिवसभर साबुदाणा आणि बटाटा खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी तो कामाला येतो. मूळव्याधीत जोर करावा लागू नये म्हणून डॉक्टरही देतात. सुरुवात अर्ध्या चमच्याने करावी. एकदम दोन-तीन चमचे घेतले तर पोट गुबारतं. संत्र्याच्या चवीची पावडर घेणाऱ्यांनी, विशेषतः मधुमेह असेल तर, मागची बाजू वाचावी. काहींत साखर बरीच असते.

(दृश्य: गोळ्यांचा डबा, घड्याळ.)

थायरॉईडची गोळी आणि इसबगोल सकाळी एकदमच घेणारे बरेच भेटतात. हा तंतू औषध शोषलं जाण्यात आडवा येतो. गोळी कुठलीही असो, मध्ये निदान दोन तास जाऊ द्यावेत. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालूनच सुरू करावं, कारण जेवणानंतरची साखर यानेही थोडी उतरते. गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्यात अडथळा झाला असेल, त्यांनी तर हा पुडा आणूच नये.

किती दिवस घ्यायचा, हा फेऱ्या मारणाऱ्यांचा शेवटचा प्रश्न. मानवत असेल आणि पाणी भरपूर असेल, तर बरेच दिवस घेता येतो. मात्र शौचातून रक्त दिसलं, न ठरवता वजन उतरायला लागलं, किंवा वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलली, तर चमचा बाजूला ठेवून त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.