निइगाताची तानरेइ साके

साके म्हणजे तांदळाची दारू, असं आपण म्हणतो. ते खरंच आहे, पण दारू म्हटलं की डोळ्यांपुढे भट्टी येते, आणि साकेला भट्टी लागतच नाही. गोव्याची फेणी वाफेतून उतरते. साके आंबलेला भात पिळून काढतात.

मला आज बोलायचंय ते जपानच्या निइगाता प्रांतातल्या साकेबद्दल. ‘तानरेइ काराकुची’ ही तिची ओळख. तानरेइ म्हणजे हलकी, नितळ. काराकुचीला इंग्रजीच्या वळणानं आपण ‘कोरडी’ म्हणतो. पण जपानीत ‘कारा’ म्हणजे तिखट, मिरचीला लावतात तेच विशेषण. गोडवा मागे राहत नाही, घोट गिळला की तोंड स्वच्छ होतं, एवढाच त्याचा अर्थ.

ही चव येते बर्फातून. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे वारे समुद्रावरची वाफ उचलतात आणि निइगाताच्या डोंगरांवर पुरुष-पुरुष बर्फ टाकतात. ते वितळून झालेलं पाणी मृदू, क्षार कमी. कोबेजवळच्या नादा भागातलं पाणी कठीण, तिथे यीस्ट जोमानं उसळतं. निइगातात ते सावकाश काम करतं, आणि थंडीत तर आणखीच सावकाश.

तांदूळही तसाच. इथल्या तांदळाच्या जातीचं नाव ‘गोह्याकुमानगोकु’, म्हणजे पन्नास लाख कोकु. कोकु हे तांदळाचं जुनं जपानी माप. प्रांताचं भाताचं उत्पादन तेवढं झालं, म्हणून 1957 साली हे नाव ठेवलं. हा दाणा टणक, सहज विरघळत नाही, म्हणून साके जड होत नाही. पण फार घासला तर तुटतो. गिंजो प्रतीच्या साकेसाठी दाण्याचा किमान 40 टक्के भाग घासून काढावा लागतो. त्याच्याही पुढे जायचं तर या दाण्याला फार जपावं लागतं.

महायुद्धानंतर तांदळाची टंचाई होती. साकेत बाहेरचं अल्कोहोल आणि साखर घालून ती तिप्पट करत, आणि लोकांना गोडाची सवयच लागली. त्या काळातही ‘कोशी नो कानबाइ’ ही साके बनवणाऱ्या इशिमोतो शुझो या निइगातातल्या कारखान्यानं हलकी साके सोडली नाही. 1985 साली नागाओकाच्या आसाही शुझोची ‘कुबोता’ आली, तोवर देशाची जीभ त्यांच्या बाजूला वळली होती. मला या चिकाटीचं फार मोल वाटतं, कारण हलक्या साकेत लपवायला जागा नसते. जरा चूक झाली की ती जिभेला कळते.

आणि हे करणारे हात कुणाचे? एचिगोच्या, म्हणजे जुन्या नावानं निइगाताच्याच, शेतकऱ्यांचे. शेतं बर्फाखाली गेली की ते घर सोडून ‘कुरा’त, म्हणजे साकेच्या कोठारात, हिवाळाभर राहायला जात. त्यांचा मुख्य कारागीर तो ‘तोजी’. भात वाफवायचा, उबदार खोलीत त्यावर कोजीची बुरशी धरायची, रात्री उठून हातानं उलथापालथ करायची. मग मोठ्या पिंपात भात, कोजी आणि पाणी तीन हप्त्यांत घालायचं. पहिल्या हप्त्यानंतरचा दिवस मोकळा. त्याला ‘ओदोरी’ म्हणतात. त्या दिवशी पिंपात काहीही घालत नाहीत; यीस्टची संख्या वाढेपर्यंत तोजी थांबून राहतो.