जाणाऱ्याचा दिवस

(कोथरूडमध्ये सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, संपादित)

नमस्कार मंडळी. एवढ्या पावसात कर्वे रस्त्यावरून वाट काढत तुम्ही आलात, त्या अर्थी प्रत्येकाच्या ऑफिसात सोडून गेलेल्या कोणाचं तरी खातं उघडं राहिलंय, असं मी धरून चालतो. (हशा)

सबव्हर्जन, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली, तिचं १.० आलं २००४ साली. पुढे काही वर्षांनी मी हिंजवडीत जिथे होतो तिथे त्याचे नऊ रेपो, म्हणजे कोडची नऊ कोठारं होती, सगळे एसव्हीएनसर्व्ह या सबव्हर्जनच्याच छोट्या सर्व्हरवर. त्याची पद्धत साधी. प्रत्येक रेपोच्या कॉन्फ फोल्डरमध्ये एक फाइल, एका ओळीत नाव आणि त्यापुढे पासवर्ड, सरळ वाचता येईल असा. लोक पासवर्डात मुलांची नावं घालतात, त्यामुळे त्या फायलींमुळे मला अर्ध्या ऑफिसच्या मुलाबाळांची नावं पाठ होती. दोघा-तिघांचं बरंच जास्तही.

आता बघा, नवा माणूस आला की स्वतःच मागे लागतो. दहाला येतो, अकरापर्यंत तीन फोन करतो. पण ‘माझं नाव काढा हो’ म्हणून मागे लागलेला जाणारा माणूस कोणी पाहिलाय? लॅपटॉप, आयकार्ड, कँटीनची उरलेली कुपनंसुद्धा एचआर परत घेतं, आणि नऊ फायलींतलं त्याचं नाव तसंच राहतं. यावर उपाय म्हणजे सगळ्यांची खाती एकाच मध्यवर्ती यादीत, डिरेक्टरीत, ठेवायची. ‘एकच पासवर्ड, सगळीकडे’ ही सोय साहेबांना पटवायला ठीक आहे. मी मात्र ही व्यवस्था जाणाऱ्याच्या दिवसासाठी लावतो.

रचना अशी. सबव्हर्जन अपाची या वेब सर्व्हरमागे ठेवायचं आणि अपाचीने एलडॅपवरून, म्हणजे डिरेक्टरीशी बोलायच्या ठरलेल्या भाषेत, डिरेक्टरीला विचारायचं. आधी तो डिरेक्टरीत तुमची नोंद शोधतो, मग त्या नोंदीच्या नावाने, तुम्ही दिलेला पासवर्ड घेऊन बाइंड, म्हणजे डिरेक्टरीत लॉगिन, करून बघतो. झालं, तर माणूस खरा. अपाचीपाशी पासवर्डांची यादी उरतच नाही. फक्त ३८९ पोर्टवरचं साधं बाइंड म्हणजे पोस्टकार्ड, वाटेत कोणीही वाचावं. टीएलएस, म्हणजे वाटेतला मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत, दोन्ही टप्प्यांवर लावा: तुमच्यापासून अपाचीपर्यंत आणि अपाचीपासून डिरेक्टरीपर्यंत. पहिल्यावर सगळे लावतात, दुसरा ‘आपल्याच बिल्डिंगमध्ये तर आहे’ म्हणून सोडून देतात.

एका चेकआउटमध्ये, म्हणजे रेपोतला कोड आपल्या मशीनवर उतरवताना, शेकडो विनंत्या जातात आणि प्रत्येकीबरोबर नाव-पासवर्ड जातो. दर वेळी विचारलं तर डिरेक्टरी टेकीला येईल, म्हणून अपाची उत्तर लक्षात ठेवतो. आपण काही बदललं नाही तर ही मुदत ६०० सेकंद. म्हणजे पाचला बंद केलेलं खातं पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत चालू शकतं. पाच वाजून दोन मिनिटांनी तपासून ‘एलडॅप बिघडलंय’ असा आरडाओरडा करू नका. मी केलाय.

आता डिरेक्टरी सांगते माणूस कोण ते. त्याला कुठल्या फोल्डरमध्ये हात घालू द्यायचा ते ऑथ्झ फाइल, म्हणजे सबव्हर्जनची परवानग्यांची यादी, ठरवते, आणि या दोघींचं एका बाबतीत पटत नाही. नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल की स्मॉल, अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीला, काही फरक पडत नाही. ऑथ्झला पडतो. माणूस लॉगिन होतो आणि पुढच्याच क्षणी मनाई. वर कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलांच्या, इतिहासात एकाच माणसाची दोन नावं. ऑथ्झ तपासताना सगळी नावं स्मॉलमध्ये धरायची एक ओळ अपाचीच्या कॉन्फिगरेशनमध्ये घालता येते. इतिहासात मात्र माणूस टाइप करेल तेच नाव जातं. ती पहिल्याच दिवशी घाला आणि नाव सगळ्यांनी एकाच पद्धतीने टाइप करायचं हेही तेव्हाच ठरवा, कारण जुना इतिहास नंतर निस्तरणं हे काम मी कोणाला सांगणार नाही.

हे सगळं लावलं आणि आमचा एक सीनियर गेला. खातं बंद करायला एक क्लिक. पण ती करायला कोणी धजेना. का? रात्रीचं बिल्ड, म्हणजे रेपोतला कोड घेऊन त्यातून आपोआप प्रोग्राम तयार करायचं काम, त्याच्याच नावाने चालायचं! कधीतरी घाईत त्याने स्वतःचा पासवर्ड बिल्ड सर्व्हरवर टाकला होता. माणूस बाणेरला दुसऱ्या नोकरीत रुळला तरी त्याचं खातं आमच्याकडे तीन महिने रोज रात्री कामावर हजर. शेवटी मीच एका शुक्रवारी ते बंद केलं आणि शनिवार-रविवार बिल्ड दुरुस्त करत बसलो. बिल्डला वेगळं खातं हवं, फक्त वाचायचा अधिकार असलेलं, कोणाही माणसाचं नाव नसलेलं. हे मी आधी करायला हवं होतं, दोष दुसऱ्या कोणाचा नाही.

मागून विचारताहेत, गिटचं, म्हणजे सबव्हर्जनसारख्याच दुसऱ्या प्रणालीचं, काय? जिथे सगळे जण ‘गिट’ या एकाच खात्याने एसएसएचवरून, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणीने, आत येतात, तिथे ओळख पटते ती पासवर्डाऐवजी सर्व्हरवर नोंदवलेल्या प्रत्येकाच्या डिजिटल किल्लीवरून. डिरेक्टरीत खातं बंद झालं तरी ते त्या किल्लीला आपोआप कळत नाही. सर्व्हरला मुद्दाम विचारायला लावावं लागतं. आणि कमिटवरचं लेखकाचं नाव बघून खातरजमा झाली असं समजू नका, ते ज्याने त्याने आपल्या मशीनवर लिहिलेलं असतं. तेव्हा उद्या एक खोटं खातं काढा, किल्ली नोंदवा, खातं बंद करा आणि त्याच किल्लीने क्लोन मारून, म्हणजे रेपोची प्रत उतरवून, बघा. क्लोन झालं तर मला फोन करा, पण दुपारी एक ते चार सोडून.