रिळावरचे नाव आणि रिळाचे स्क्रू

उपस्थित रसिकहो, पत्रिकेवर आजचा विषय ‘मासेमारीची दुर्मिळ जुनी रिळे कशी ओळखावीत’ असा छापला आहे आणि त्या विषयाकडे मी येणारच आहे. मात्र त्याआधी एक आग्रहाचे मत मांडण्याची परवानगी द्यावी. जुने रीळ, म्हणजे गळाच्या काठीवर बसवून दोरी गुंडाळण्याचे यंत्र, हाती आले की आपण सर्वजण भिंग घेऊन प्रथम त्यावरचे नाव शोधतो. माझ्या मते नजर आधी स्क्रूंकडे जायला हवी. हे मत पटवून देण्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकातील केंटकी या अमेरिकेतील राज्यात जावे लागेल.

खाडीच्या काठावर गरी टाकून बसणाऱ्या कोकणातील माणसाला रिळाची गरज भासत नाही. त्याचे काम हातातल्या दोरीवर भागते. केंटकीच्या नद्यांमध्ये ब्लॅक बास हा मासा पकडणाऱ्यांची अडचण वेगळी होती. त्यांचे आमिष म्हणजे एक लहानसा जिवंत मासा. तो दूर फेकायचा, तर त्याच्या नाममात्र वजनानेही रिळाची, दोरी गुंडाळलेली फिरकी सुरू झाली पाहिजे, आणि मासा लागल्यावर दोरी भराभर गुंडाळता आली पाहिजे. इतक्या कमी घर्षणाने फिरणारा आस आणि इतकी बारीक दातेरी चाके घडवण्याची हातोटी त्या काळी गावात एकाच माणसाकडे असे, आणि तो म्हणजे घड्याळजी. बर्बन काउंटीतील पॅरिस या गावचा जॉर्ज स्नायडर हा घड्याळे आणि चांदीकाम करणारा कारागीर होता. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जे रीळ घडवले, त्यापासून केंटकी रिळांची परंपरा सुरू झाली असे मानले जाते. पुढे राज्याची राजधानी असलेल्या फ्रँकफर्टमध्ये जोनाथन आणि बेंजामिन या मीक बंधूंनी, आणि त्यांच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या बेंजामिन मायलमने, ते काम इतक्या उंचीवर नेले की मूठ एकदा फिरवली की फिरकी चार वेळा फिरावी आणि तरीही आवाज जवळजवळ होऊ नये.

आता स्क्रूंविषयी. या मंडळींचा प्रत्येक स्क्रू हाताने घडवलेला आणि त्याच्या स्वतःच्या भोकासाठी जुळवलेला असे. शेजारच्या भोकात तो नीट बसेलच, याची खात्री नसे. म्हणून स्क्रूंवर बारीक आकडे घातलेले असत. तेल देण्यासाठी रीळ उघडले, तर ज्या आकड्याचा स्क्रू त्याच भोकात परत जावा, अशी ती व्यवस्था होती. आज दीडशे वर्षांनंतर तेच आकडे आपल्याला सांगतात की रीळ मूळ अवस्थेत आहे, की दोन मोडक्या रिळांतून एक जुळवले आहे. रिळाच्या अंगावर याहून प्रामाणिक साक्षीदार मला दिसत नाही.

म्हणूनच पॉलिश करणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी येथे लपवणार नाही. काही वर्षांपूर्वी एका लिलावात केंटकी पद्धतीचे एक जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे रीळ पाहण्यात आले. ‘नव्यासारखे’ असे त्याचे वर्णन केले होते, आणि ते खरोखरच आरशासारखे चमकत होते. विक्रेत्याने ते बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरून घासले होते. बाजूच्या चकत्यांच्या धारदार कडा गोल झाल्या होत्या, नावाचा शिक्का इतका पुसट झाला होता की मीकचे आणि मायलमचे अशी दोन्ही नावे तेथे होती की केवळ एक, हे सांगता येत नव्हते, आणि दोन स्क्रू काढून त्यांच्या जागी आजच्या कारखान्यातले रुंद खाचेचे स्क्रू बसवले होते. त्या वस्तूची मोडतोड झाली असती, तर निदान तुकडे तरी साक्ष देऊ शकले असते. आपल्याकडे देवघरातील पितळी उपकरणी चिंच लावून घासतात, आणि ते योग्यच आहे, कारण ती रोजच्या पूजेत असतात. जुन्या रिळावरील काळसर थर मात्र त्याच्या वयाचा दाखला असतो आणि एकदा घासला की तो पुन्हा लिहिता येत नाही. येथील तरुण संग्राहकांना माझी कळकळीची विनंती आहे: मऊ कापड आणि थोडे हलके तेल याच्या पलीकडे जाऊ नका, आणि खाचेत अचूक बसणारा स्क्रू-ड्रायव्हर हाती नसेल, तर रीळ उघडूच नका.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे ओळखीचे मुख्य मुद्दे थोडक्यात सांगतो.

नाव फसवते. भागीदारी संपल्यावरही मायलमने ‘मीक अँड मायलम’ हा शिक्का बराच काळ वापरला. बेंजामिन मीक १८८२ मध्ये लुईव्हिलला गेला आणि त्याने मुलांसह स्वतंत्र व्यवसाय उभारला. पुढे १९१६ मध्ये तो हॉर्टन कंपनीने विकत घेतला आणि मीकच्या नावाची रिळे कनेक्टिकटमध्ये तयार होऊ लागली. केंटकी रिळावरचा आकडाही पुष्कळदा आकारमानाचा असतो. तो अनुक्रमांक समजून ‘तिसरेच रीळ’ म्हणून किंमत सांगणारे विक्रेते भेटतात. ब्रुकलिनचा ज्युलियस व्हॉम होफ तर इतर व्यापाऱ्यांसाठीही रिळे बनवत असे, आणि त्यांवर नाव त्या व्यापाऱ्याचे असे.

पेटंटची तारीख ही निर्मितीची तारीख नसते. रॉचेस्टरचा बंदूक-कारागीर विल्यम बिलिंगहर्स्ट याच्या तारेच्या पिंजऱ्यासारख्या रिळाचे पेटंट ९ ऑगस्ट १८५९ चे आहे, आणि ऑर्व्हिस या अमेरिकन कंपनीच्या जाळीदार बाजूंच्या रिळाचे १२ मे १८७४ चे. ऑर्व्हिसचे ते रीळ नंतर कित्येक वर्षे बनत राहिले, म्हणून त्यावरील तारीख एवढेच सांगते की वस्तू त्याआधीची नाही. त्याची मूळ अक्रोडाच्या लाकडाची पेटी सोबत असेल, तर ती कधीही वेगळी करू नये.

एबोनाइट, म्हणजे कडक रबर, उन्हात ठेवल्यास काळ्याचे तपकिरी होते. व्हॉम होफ यांची रिळे, किंवा गळाच्या काठ्या बनवणाऱ्या लेनर्डच्या नावाने विकली गेलेली, फिलब्रुक यांच्या १८७७ च्या पेटंटची संगमरवरी छटेची रिळे ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ती खिडकीतल्या कपाटात मांडू नयेत.

शेवटी इंग्लंड. नॉर्थम्बरलँडमधील ॲनिकच्या हार्डी बंधूंचे ‘परफेक्ट’ हे रीळ १८९१ मध्ये बाजारात आले. त्यात बॉल बेअरिंग होते, आणि त्याचा काळ ठरतो तो मुख्यतः आतल्या खटक्याच्या रचनेवरून, जी पुढील काही दशकांत अनेकदा बदलली. तेथील कारागीर आतल्या बाजूला आपली आद्याक्षरे ठोकत. त्यांपैकी वॉल्टर डिंगली १९११ च्या सुमारास स्वतंत्र झाला आणि इतर दुकानांच्या नावाने रिळे पुरवू लागला. त्यामुळे अनोळखी दुकानाचे नाव असलेले चांगल्या घडणीचे रीळ स्वस्तात दिसले, तर विक्रेत्याच्या परवानगीने ते उघडून आत ‘डी’ हे एकच इंग्रजी अक्षर ठोकलेले आहे का, हे अवश्य पाहावे.