ग्रेच्चोची रिकामी गव्हाण

श्रोतेहो, नमस्कार.

नाताळ जवळ आला की गोव्यात आणि वसईत घरोघरी गवत, माती, काटक्या जमवून येशूजन्माचा देखावा म्हणून गोठा उभारला जातो. काही गोवेकर घरांत तर गोठ्याभोवतीचे शेत हिरवे दिसावे म्हणून आधीपासूनच धान्य रुजत घालतात. नाताळच्या बहुतेक लोकप्रिय प्रथांचा उगम धूसर आहे. या गोठ्याचा माग काढताना मात्र आपण एका विशिष्ट गावापर्यंत आणि एका विशिष्ट रात्रीपर्यंत पोहोचतो.

ते गाव म्हणजे मध्य इटलीतील रिएती खोऱ्याच्या कडेला डोंगरावर वसलेले ग्रेच्चो, आणि ती रात्र १२२३ सालच्या नाताळची. असिसीकर संत फ्रान्सिस यांनी सणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी तेथील जॉन नावाच्या सरदाराला निरोप धाडून सांगितले, की बेथलेहेमच्या त्या बाळाची जन्मतःच किती आबाळ झाली, ते मला या डोळ्यांनी पाहायचे आहे. त्यानुसार गव्हाण मांडली गेली, तिच्यात सुके गवत भरले गेले आणि शेजारी खराखुरा बैल व खरेखुरे गाढव आणून उभे केले गेले. आसपासचे लोक मेणबत्त्या आणि मशाली घेऊन रान उजळीत आले. त्या गव्हाणीवरच मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासनाविधी, अर्पण झाली, आणि फ्रान्सिस हे धर्मगुरू नसून डीकन, म्हणजे त्याखालच्या पदावरचे सेवक, असल्यामुळे त्यांनी शुभवर्तमान गायिले व प्रवचन केले. त्यांचे पहिले चरित्रकार, चेलानो गावचे थॉमस, लिहितात, की 'बेथलेहेम' हा शब्द ते मेंढरू बेंबटावे तशा सुरात उच्चारीत. एवढ्या मोठ्या संताचे इतके निरागस चित्र मला दुसरीकडे क्वचितच भेटले आहे.

या वर्णनातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यात मरिया, योसेफ किंवा बाळ यांच्या मूर्तींचा उल्लेखच नाही. गव्हाणीत होते ते केवळ गवत. जमलेल्यांपैकी एका सज्जनाला तिच्यात एक निपचित बालक दिसले आणि फ्रान्सिस यांनी जवळ जाऊन त्याला जणू गाढ झोपेतून जागे केले, असा दृष्टान्त थॉमस सांगतात. पुढे त्या गवताने आजारी गुरे बरी झाली आणि अडलेल्या बाळंतिणी सुखरूप सुटल्या, असेही लोक मानीत.

बैल आणि गाढव मात्र फ्रान्सिस यांच्याही कितीतरी आधीचे आहेत. लूककृत शुभवर्तमानात उतारशाळेत जागा न मिळाल्याने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचे येते, पण जनावरांचा उल्लेख नाही. बैल आपल्या मालकाला आणि गाढव आपल्या धन्याची गव्हाण ओळखते, या यशया संदेष्ट्याच्या वचनावरून ती जोडी आली, आणि चौथ्या शतकातील दगडी शवपेटिकांवर ती कोरलेली आढळते. तीन राजांचेही तसेच आहे. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात बाळाला भेटायला आलेल्या मागी लोकांची, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी जनांची, संख्या दिलेली नाही, की त्यांना राजे म्हटलेले नाही. त्यांनी आणलेल्या भेटवस्तू तीन होत्या म्हणून परंपरेने माणसेही तीन मानली.

तेराव्या शतकाच्या अखेरीस आर्नोल्फो दि काम्बियो या शिल्पकाराने रोममध्ये या प्रसंगाच्या संगमरवरी मूर्ती घडविल्या. अठराव्या शतकात नेपल्समध्ये तर गोठ्याभोवती कोळी, भाजीवाले आणि खाणावळी यांनी गजबजलेले अख्खे शहर उभे राहू लागले. त्या कारागिरीपुढे मान आपोआप झुकते. तरीही त्या गर्दीत गव्हाण शोधावी लागते, याची मला रुखरुख वाटते.

आपल्याकडच्या अनेक घरांत मरिया, योसेफ, मेंढपाळ आणि जनावरे आधीच मांडली जातात, पण गव्हाण मोकळी राखली जाते. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून मंडळी घरी परततात, आणि मग त्या गवतावर बाळ येशूची मूर्ती ठेवली जाते.